टाकीवरल्या गंजाचे पारिपत्य

श्री अग्नी समर्थ, श्री लोह साक्ष. ज्याने लोखंड घडविले त्यानेच गंजही घडविला, त्यास दुरून नमस्कार करून हे वर्तमान लिहिले. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथीनाम संवत्सरी, आश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसले आणि तेच दिवशी राज्यात गनीम उघडा पडला. राज्य म्हणाल तर तीन खोल्यांचे. अधिपती विसाजीराव, राणी सगुणाबाईसाहेब, आणि पागेत घोडा एकच, तोही मोटारसायकल. संतान एक कन्या ठकूबाई, ती नवव्या वर्षी तापाने गेली, त्यास सहा वर्षे लोटली. पूर्वी सातव्या वर्षी ठकूबाईंनी खिळा घेऊन घोड्याच्या टाकीच्या बगलेवर आपले नाव कोरिले होते, ठ मोठा गरगरीत आणि कू आपला अंग चोरून. आणि राव तेव्हा नव्या घोड्याच्या तोऱ्यात, त्यांनी लेकीच्या थोबाडीत दिली. पुढे लेक गेली आणि ती थोबाडीत रावांच्या हातात राहिली. मग बाईसाहेबांनी नेम धरिला, की रोज सकाळी न्हाऊन त्या नावावर पाणी शिंपडावे, ओले हळदकुंकू वाहावे, निरांजन ओवाळावे आणि वाहिलेले कधी पुसू नये. पुसले तर पोर पुन्हा जाईल, ऐसे त्यांचे मनी. कुंकवावर कुंकू चढून बोटभर थर बसला. राव महिन्यास एकदा किक मारून घोडा जागता ठेवीत आणि रिमा, मडगार्ड पुसून घेत, परंतु त्या थरास हात लावण्याची त्यांची छाती होत नसे.

ते प्रतिपदेस बाईसाहेब निरांजन घेऊन आल्या, आणि रावांस पेट्रोलचा उग्र वास आला, आणि त्यांनी धावत येऊन फुंकर मारून ज्योत विझविली. बाईसाहेब कडाडल्या, "घटाच्या दिवशी दिवा मालवता? अवदसा आठवली का तुम्हाला?" राव म्हणाले, "अगं, टाकी गळतेय. घर पेटवायचंय का?" मग रंगकामात केस पिकवलेले इमामउस्ताद यांस पाचारण झाले. उस्तादांनी टाकी चाचपली आणि अर्ज केला, "रावसाहेब, बूड शाबूत आहे. गळती बगलेतून आहे, नावाखालून. आणि मडगार्डापासून स्टँडापर्यंत सगळाच घोडा गंजलाय. खंडेनवमीला पूजेला उभा करून देतो, पण गंज मुळापासून काढावा लागेल. वरून रंग मारणं म्हणजे किडक्या दाढेला सोनं चढवणं." बाईसाहेब बोलल्या, "काय खरवडायचं ते खरवडा. माझ्या पोरीच्या नावाला धक्का लागला तर याद राखा." आणि त्या नऊ दिवस घटी बसल्या, नावाचा नेम तेथूनच मनोमन चालविला, त्या देवघराबाहेर येईनात.

मग मोहीम सुरू झाली. तारेचे ब्रश चालले, पॉलिश पेपर चालले, रॉकेलचे बोळे फिरले, आणि चौथ्या दिवसापावेतो मडगार्ड, चेनकव्हर आणि स्टँड ही तिन्ही ठाणी गनिमाकडून सोडविली. उरला टाकीचा गड. पाचवे दिवशी पेट्रोल काढून टाकी धुतली आणि राव स्वतः बसले. नावाचे काम दुसऱ्याच्या हाती देवेना. खरवडता कुंकू निघाले, खाली आणिक कुंकू, त्याखाली पुन्हा लालच. कुंकू कोठे संपले आणि गंज कोठे लागला हे रावांस उमजेना. आणि अकस्मात ठ चा गरगरीत घेर सुटून आत पडला आणि टाकीच्या पोटात खडखडला.

उस्तादांनी बोटाने भोकाची कड तपासली आणि हळूच बोलले, "सहा वर्षं रोज ओलं. वाळायला कधी सवडच नाही मिळाली. पत्रा बिचारा काय करील?" तेव्हा रावांस कळले, की लेकीचे नाव तिच्या आईच्या पूजेने खाल्ले, आणि हे बाईसाहेबांस कळले तर त्या जगणार नाहीत. राव म्हणाले, "उस्ताद, ही गोष्ट तुमच्या-माझ्यात. मी सांगेन, माझा हात जड पडला." उस्ताद म्हणाले, "बाईसाहेब माफ करतील?" राव म्हणाले, "न करोत. पोरीला मी एकदा मारलंच आहे. दुसऱ्यांदाही मीच मारलं म्हणोत." मग उरला कू रावांनी आपल्या हाताने घासला, आणि उस्तादांनी भडका उडू नये म्हणून टाकीत पाणी भरून पत्र्याचे ठिगळ पितळेचा डाख देऊन बसविले, त्यावर लांबीचे लुकण भरले, रेड ऑक्साइड मारिला, काळ्या रंगाचे दोन हात दिले. घोडा ऐसा झळकला की जणू कालच दारी आला.

खंडेनवमीस बाईसाहेब तबक घेऊन आल्या आणि बगलेवरून हात फिरविला. हात गुळगुळीत फिरला. "नाव कुठंय?" राव म्हणाले, "घासता घासता गेलं. माझा हात जड." बाईसाहेब म्हणाल्या, "जिवंत होती तेव्हा मारलीत. आता मेलेली पुसलीत." हे त्यांचे रावांशी अखेरचे बोलणे. मग ओल्या कुंकवात बोट बुडवून त्यांनी त्याच जागी नव्या रंगावर ठकू लिहिले, आणि लाल पाण्याचा ओघळ खाली उतरला, आणि त्या आत गेल्या.

तेव्हापासून रिवाज ऐसा. बाईसाहेब रोज सकाळी ओले नाव लिहितात. दुपारी त्यांचा डोळा लागला की राव फडके घेऊन येतात, नाव पुसतात, जागा कोरडी करितात, त्यावर मेणाचा हात देतात आणि मेणावर कोरडे कुंकू दाबून तेच नाव पुन्हा काढितात, पुसल्याचे कळू नये म्हणून.

एवंच गनीम मोडला, घोडा वाचला, राज्यातील बोलणे बुडाले. परंतु ज्या हाताने थोबाडीत दिली तोच हात आता रोज ठ काढितो, मोठा, गरगरीत. हे लिहिले, जाणिजे.