दाजी मोजणीदारांचं चवथीचं कोडं

शब्दकोड्याचं उत्तर मोठ्यानं सांगणं हा आमच्या मिठबावात गुन्हा होता. हा कायदा सरकारचा नव्हे, दाजी मोजणीदारांचा. चुकून कुणाच्या तोंडून "आडवा सात म्हणजे..." एवढं निघालं, की दाजी दोन्ही कानांत बोटं घालून माझ्या पडवीतून थेट रस्त्यावर उतरत आणि तिथून ओरडत, "उत्तर भायर काढू नकात! कोडां कसां वाटलां, तां सांगा!"

आता कोडं कसं वाटलं म्हणजे काय सांगायचं? कोडं सुटतं किंवा सुटत नाही. ती काय आमटी आहे, कशी झालीय म्हणून विचारायला? पण दाजींना तेच हवं असे. त्यासाठी त्यांनी एक वेगळी वही ठेवली होती. तीत एकही उत्तर नसे, नुसते अभिप्राय. 'हमीद : बरां, पण मधी दम लागलो.' 'सुलभाबाई : फार सोपे, अपमान वाटला.' 'पोस्टमास्तर : झोप इली.' हा शेवटचा मी. खोटं कशाला बोलू, रविवारचं जेवण अंगावर आलेलं असे.

दाजींची नोकरी जमीन मोजणी खात्यात झाली. साखळी घेऊन तीस वर्षं ते लोकांच्या बांधांवरून हिंडले, आणि निवृत्त झाल्यावर मिठबावात हमीदभाईंच्या दुकानामागची खोली भाड्यानं घेऊन एकटेच राहू लागले. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. नोकरी सुटली तरी मोजणी सुटली नव्हती. माझ्या पोस्टापासून हमीदभाईंचं दुकान दोनशे बारा पावलं, पावसाळ्यात डबकी चुकवत गेलं तर दोनशे तीस, असे त्यांचे पक्के आकडे. एखादी गोष्ट मनासारखी ठरली, की बांध पक्का केल्यावर मोजणीदार म्हणतो तसं टाळी वाजवून म्हणत, "हद्द कायम!" चहात साखर बरोबर पडली तरी हद्द कायम, पाऊस उघडला तरी हद्द कायम.

आमचं पोस्ट म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. पडवी पोस्टाची, आत संसार. कोडं सोडवणारे आम्ही चौघं. दाजी, मी, जाळी-दोर विकणारे हमीदभाई, आणि हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या सुलभाबाई. बाई घाटावरच्या, लग्न करून इकडच्या झालेल्या, पण बोलणं शुद्ध ते शुद्धच. चौघांत मिळून पेपर एकच यायचा. तो घाटावरून फोंड्याला उतरायचा, तिथून गाड्या बदलत रविवारी चारच्या गाडीनं मिठबावला. कंडक्टर तो माझ्या पडवीत टाकायचा. मग दाजी बैठक मारत, मोजणीची पट्टी काढत आणि कोड्याच्या हुबेहूब नकला हातानं काढून आम्हांला वाटत. रेषा अशा, की सातबाराला जोडाव्यात. खोडरबर त्यांनी आयुष्यात वापरलं नाही. "मोजणीत खाडाखोड म्हणजे गुन्हो," असं म्हणत. सोमवारी संध्याकाळी आम्ही कागद घेऊन जमायचं आणि अभिप्राय द्यायचे, असा परिपाठ.

दाजी आमच्या पडवीत वर्षानुवर्षं बसले, पण घरात पाऊल टाकलं नाही. माझ्या आईनं आतून किती वेळा हाक मारली. "नको, हयसरच बरो," एवढंच म्हणायचे, आणि चहा बाहेर यायचा. विक्षिप्त माणूस, म्हणून आम्ही सोडून दिलं.

आता एक गुपित सांगतो. दाजी स्वतः कोडी करत आणि शहरातल्या पेपराला पाठवत. हे गावात मला एकट्यालाच ठाऊक, कारण पाकिटं माझ्याच हातून जात. तीन वर्षांत नऊ गेली, नऊच्या नऊ 'साभार परत' आली. मी ती इतर टपालाच्या मधे घालून त्यांच्या हातात देई, आणि ते न बघितल्यासारखं करून कोटाच्या आतल्या खिशात टाकत. पोस्टातल्या माणसानं काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात.

दहावं पाकीट गेलं ते परत आलं नाही. चवथीच्या पंधरा दिवस आधी पोस्टकार्ड आलं. दुसऱ्याचं पोस्टकार्ड वाचू नये हे मला कळतं. पण न वाचणारा पोस्टमास्तर आमच्या तालुक्यात अजून जन्माला यायचाय. संपादकांनी लिहिलं होतं, 'आपले चतुर्थीविषयक कोडे सणाच्या रविवारच्या अंकासाठी विचारात घेत आहोत.' विचारात घेत आहोत! या शब्दांचा अर्थ सरकारी खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला कळायला नको? पण दाजींनी कार्ड उभ्याउभ्या दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि टाळी न वाजवता, अगदी हळू म्हणाले, "हद्द कायम."

त्या वर्षी चवथ शनिवारी आली. दर चवथीला दाजी पहाटेच्या गाडीनं कुणकेश्वरला जायचे. तिकडे त्यांच्या भावांचं घर, घरचा गणपती. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. त्या वर्षी मात्र ते गेले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, "औंदा नको. रविवारी कोडां मोठां येतलां." आणि माझ्याकडे बघून जीभ चावली.

रविवार उजाडला. आमच्या घरात मुंबईहून आलेले दोन भाऊ, भावजया, पोरंटोरं, पाय ठेवायला जागा नाही. ऋषिपंचमी असल्यानं आईची भाजी निवडणं चाललेलं. सकाळी दहाला दाजी इस्त्रीचा कोट घालून पडवीत हजर. हातात तीन कागद, नेहमीच्या त्या देखण्या रेषांचे. "चवथीचां कोडां! आज सांजेक पाचाक जमाया. उद्या कोणाक वेळ गावचो नाय."

हमीदभाई नेमके आईला नारळ द्यायला आले होते. त्यांनी कागद घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, "दाजीनू, पेपर अजून खंय इलोहा? गाडी तर चाराची."

दाजींचा चेहरा पांढरा पडला. मोजणीत कधी न चुकलेला माणूस, पण उतावीळपणी कोडं छापून यायच्या आधीच नकला वाटून बसला! मी पटकन म्हणालो, "अहो, काल मुंबईची जादा गाडी आली ना, तिच्यातून माझ्या भावानं पुरवणी आणली." आतून भाऊ "कसली पुरवणी?" असं ओरडला. मी दार ओढून घेतलं.

पाच वाजता आरतीच्या आधीची घाई, पण तिघंही जमलो. सुलभाबाई हाताला गुळाचा वास घेऊन आल्या होत्या. दाजींनी वही उघडली. पेन्सिल दोनदा टोक केली. 

हमीदभाई म्हणाले, "माका सगळां सुटलां. एक घर रिकामां नाय. कोडां करणारो आमच्याच भागातलो, लिवन ठेवा. 'माटवीक टांगतत, लाल, पण खाणत नाय'. घाटावरच्याक तां फळ काय म्हायत? मी दर चवथीक मास्तरांकडे येतंय, करंजे खातंय, वर माटवीकडे बघतंय. म्हणान सुटलां. माका लय बरां वाटलां."

दाजींनी लिहून घेतलं. कान लाल झाले होते.

मग सुलभाबाई. बाई वाईट नाहीत, पण त्यांना अभिप्राय विचारला की त्या वही तपासायला बसतात. "माझे अकरा शब्द अडले. माझ्या माहेरी गणपतीवर फळं टांगायची ही माटवीच नसते हो! पण ते राहू द्या. मला दुसरंच खटकलं. यात बाजार आहे. डोक्यावरून मूर्ती आणणं आहे. माटवी, भजन, फटाके, विसर्जन, सगळं आहे. पण घरात शिजणारं एक अक्षर नाही. चतुर्थीच्या कोड्यात मोदक नाही! पानावरचा एक पदार्थ नाही. मला तर वाटतं, ज्यानं हे केलं तो रस्त्यावर उभा राहून दुसऱ्यांची चतुर्थी बघत असावा."

दाजींची पेन्सिल थांबली. "तां... लिवू?"

"लिहा की. त्यात काय!"

आणि त्या माणसानं ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. "रस्त्यावर उभा राहून" हे लिहिताना त्यांनी बाईंना परत विचारून घेतलं, चूक नको म्हणून. मला बाईंच्या तोंडावर हात ठेवावासा वाटत होता, पण सांगणार काय?

तेवढ्यात, त्या दिवशी उशीर झालेली चारची गाडी आली. कंडक्टरनं पेपर भिरकावला. मी झेप घेऊन उचलला आणि कोपऱ्यात जाऊन पुरवणी उघडली. कोड्याच्या जागी नेहमीचंच कोडं होतं, पक्षी आणि नद्यांची नावं विचारणारं. चवथीचं काही नाही. मी पेपराची घडी घातली आणि तिच्यावर बसलो. चक्क बसलो. हमीदभाई म्हणाले, "काय मास्तर, बसाक पाट नाय घरात?" मी हसलो. बाई निघाल्या, हमीदभाईही दुकानाकडे गेले.

दाजी गेले नाहीत. त्यांनी वही मिटली.

"छापूक नाय," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"जागा नसेल, दाजी. पुढच्या रविवारी येईल."

"पुढच्या रविवारी चवथीक कोण इचारता?" मग माझ्याकडे वळून, "तुमका म्हायत होता तर."

"कार्ड माझ्याच हातून आलं."

आत पोरांनी झांजा वाजवायला सुरुवात केली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "यंदा भावांकडे गेला असतात तर बरं झालं असतं."

"भावांकडे?" दाजी रस्त्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, बारा वर्सां झाली, मी त्या घराचो उंबरठो चढूक नाय."

आणि मग सांगितलं. शेजाऱ्यानं आपला बांध खाल्ला असं भावांना वाटत होतं. घरातच मोजणीदार असताना बाहेरचा कशाला, म्हणून दाजींनाच साखळी धरायला लावली. निघालं उलटं. शेजाऱ्याचीच चार हात जमीन भावांच्या कुंपणात निघाली. दाजींनी खरं तेच सांगितलं, शेजाऱ्यासमोर. त्या चवथीला थोरला भाऊ दारात उभा राहून म्हणाला, ज्याची हद्द राखलीस त्याच्याकडे जेवायला जा.

"मग दर वर्षी जाता ते?"

"कुणकेश्वराच्या देवळात बसतंय. चवथीक थंय कोण नसता, सगळे आपापल्या घरात. सांजेच्या गाडयेन परत. तुमका सगळ्यांक वाटायचां मी जेवान इलंय. तां बरां होतां." मग वहीवरून हात फिरवत म्हणाले, "चवथीत पडवेर कोण येना नाय. लय मोठे जातत ते दिवस, मास्तर. म्हणान ह्यां कोडां केलां. म्हटलां, चवथीचांच आसलां तर घटकाभर येतले. इले सगळे. छापूक नाय तर नाय."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं हा माणूस माझ्या दारात बसला, माझा चहा प्याला, माझ्या झोपेची नोंद केली, आणि चवथीला तो कुठे जेवतो हे मी एकदाही विचारलं नव्हतं. लोकांची पत्रं वाचणारा मी!

"उठा," मी म्हणालो.

"खंय?"

"जेवायला."

"माका कोणी बोलवूक नाय."

"चवथीक बोलावणं लागतं काय, दाजी? आपल्याकडे वाटसरू आला तरी पान मांडतात."

"माका सवय नाय रवली," ते म्हणाले. मी त्यांचा दंड धरला, तर कोटाच्या आत हाड तेवढं लागलं. मी त्यांना उंबरठ्याशी आणलं. तिथे ते थांबले. त्यांचा पाय उचलेना. आतून माझ्या म्हाताऱ्या आईनं बघितलं आणि जागेवरूनच म्हणाली, "दाजी, उभो कित्याक? बस रे. पान कधीचां मांडलांहा."

पान मांडलेलं नव्हतं. माझ्या बायकोनं ते आईचं बोलणं संपायच्या आत मांडलं.

दाजी बसले. आईनं ऋषीची भाजी वाढली. या दिवशी उपास धरणाऱ्या बायकांनी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परड्यातल्या भाज्या आणि कंदमुळं एकत्र शिजवतात. दाजींनी एक घास खाल्ला आणि भाजीतल्या एका फोडीवर बोट ठेवून विचारलं, "ह्यां काय गे, आये?"

"सुरण."

"आनी ह्यां?"

"अळवाची देठां. तां भेंडां. तां भोपळो."

दाजी मान हलवत होते. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलंही नाही. पासष्ट वर्षांचा, याच किनाऱ्यावर जन्मलेला माणूस! त्यांना का सुरण ठाऊक नव्हता? पण कोड्यातली राहिलेली घरं भरून घ्यावीत, तसे ते विचारत राहिले. भाजी झाली, वरणाचं विचारलं, खिरीचं विचारलं. पुढच्या पंक्तीची पोरं खोळंबून ओरडायला लागली. आईनं त्यांना हातानंच गप्प केलं, दाजींच्या समोर पाट ओढून बसली, आणि एकेक नाव सावकाश सांगत, दर नावाला त्यांच्या पानावर थोडं थोडं वाढत राहिली.