फोनवरचे डोमाभाऊ

"साप आहे जी. खोटं काऊन सांगू?"

मी ऑफिसच्या दारातच थांबले. आत डोमाभाऊ फोनवर बोलत होते. रिसीव्हर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"नाई जी, ट्रीटमेंट इथी नाई होत. त्याच्यासाठी चंद्रपूरले न्या लागते. पन तुमी घाबरू नका, गाडी चोवीस तास उभी राह्यते."

थोडा वेळ त्यांनी ऐकून घेतलं. "लेडीजसाठी अलग? तसा भेद नाई करत जी तो."

पलीकडून फोन ठेवला गेला. डोमाभाऊ माझ्याकडे वळले. "पुन्याची बाई होती. साप आहे का, साप आहे का, सारखी विचारून राह्यली. आहे म्हनलं तं भेली."

पुण्याच्या बाईंना हवा होता स्पा. आमच्या रिसॉर्टमध्ये तो सुरू होऊन आठ दिवस झाले होते. दारावर मीच लिहिलेली इंग्रजी पाटी होती, आत तेलांच्या बाटल्या होत्या, केरळहून आलेल्या दोन मुली होत्या. फक्त डोमाभाऊंना कुणी काही सांगितलं नव्हतं. खरं तर ते माझं काम होतं. आणि त्याहून खरं सांगायचं तर फोन उचलणं हेसुद्धा माझंच काम होतं.

माझी शाळा चंद्रपुरातली, इंग्रजी माध्यमाची. इंग्रजी येतं म्हणून मला बुकिंगवर घेतलं. पण फोनची घंटा वाजली की मला तो उचलवायचा नाही. पलीकडे कोण असेल, काय विचारेल, आपण काय बोलून बसू! डोमाभाऊंनी हे दुसऱ्याच दिवशी ओळखलं आणि कुणालाही सांगितलं नाही. तेव्हापासून फोन पूर्वीसारखे तेच उचलायचे आणि बुकिंग मी लिहायचे. समोरचा इंग्रजीत बोलू लागला की "एक मिनट, साहेब," म्हणून रिसीव्हर माझ्या हाती देत आणि माझं बोलणं संपेपर्यंत शेजारी उभं राहून मान डोलवत. त्यातलं एक अक्षरही त्यांना कळत नसे.

रिसॉर्ट म्हणजे जंगलातल्या तलावाकाठच्या चार झोपड्या होत्या, तेव्हा ते चौकीदार म्हणून लागले. मग झोपड्यांच्या बारा खोल्या झाल्या, हिरवळ आली, पोहण्याचा हौद आला. डोमाभाऊ चौकीदारीवरून फोनपाशी कधी आले हे कुणालाच आठवत नव्हतं. घंटा दुसऱ्यांदा वाजू द्यायची नाही, हा त्यांचा नेम होता. जेवत असले तर डाव्या हाताने उचलत. आंघोळीला असले तर ओल्या अंगाने येत. एकदा तर हौदाशेजारून साबण लावलेले डोमाभाऊ धावत गेले, आणि मुंबईच्या पाहुण्यांनी तोही स्पाचाच प्रकार समजून चौकशी केली.

फोनवर ते खरं तेच सांगत.

"वाघ दिसेल ना नक्की?"

"वाघ आमच्या कंपनीत नोकरीले नाई जी."

"मे महिन्यात आलो तर?"

"तुमचा भाऊ असतो तं नका येऊ म्हनलं असतं. लाही होऊन राह्यली इथी."

स्पा म्हणजे काय ते मी समजावल्यावर ते लोकांना सांगू लागले, "तेल चोपडून देतात जी. आंग हलकं होते. पन घरी कोनी चोपडनारं असन तं घरीच करा. नसन तं या."

गंमत म्हणजे लोक येत. आल्यावर आधी विचारत, "डोमाजी कोण?"

कंपनी मात्र वाढत होती. दुसरं रिसॉर्ट वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याजवळ झालं. तिसऱ्याची जागा बघणं चाललं होतं. मग सगळं बुकिंग नागपूरला न्यायचं ठरलं. एकच नवा नंबर, एकच ऑफिस. तो सुरूही झाला. आमचा जुना फोन महिनाअखेर काढून टाकणार होते. मला तर सुटल्यासारखं वाटलं.

डोमाभाऊंनी त्या दिवशी मला तीनदा विचारलं, "बंद म्हनजे पूरा बंद? वाजनारच नाई?"

तिसऱ्यांदा मी विचारलं, "भाऊ, तुम्हाला कुणाचा फोन यायचा आहे का?"

ते टेबलावरची धूळ पुसत राहिले.

"वनिता आहे ना माही पोरगी. मिरच्या तोडाले गेल्ती सिरोंच्याच्या पल्याड. तिकडंच लगन केलं तिनं. मंग इथी फोन केला. 'बाबा, जावई कसा वाटला?' म्हने. मी त्याले एक डाव पाह्यलं होतं. म्हनलं, मले नाई पटला. तिनं ठेवून देल्ला. सहा वर्सं झाली."

"मग तुम्ही का नाही गेलात शोधायला?"

"गेलतो. गाव बदललं त्याईनं. तिच्यापाशी हा एकच नंबर आहे." मग फडकं बाजूला ठेवून म्हणाले, "एक डाव वाजला होता. कोनी बोललं नाई. मीबी नाई बोललो. नुसता धरून राह्यलो."

पुढच्या आठवड्यात नागपूरहून कंपनीचे मॅनेजर देशकर सर आले. त्यांच्या हातात कामांची यादी होती. मार्कंड्याच्या स्पाचे पडदे, गणवेश, नवी गाडी असं करत ते फोनवर आले आणि डोमाभाऊंना बोलावणं गेलं.

"डोमाजी, जुन्या नंबरवर अजून कामाचे फोन येतात का?"

मी डोमाभाऊंकडे बघितलं. 'येतात' एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द.

"नाई जी," डोमाभाऊ म्हणाले. "आता सारे नागपूरलेच करतात. या महिन्यात दोन आले. दोनीबी राँग नंबर."

"मग झालं तर," म्हणत सरांनी यादीवर रेघ मारायला पेन टेकवलं. डोमाभाऊ खाली बघत होते. आपण खरं बोललो, आता जे होईल ते होईल, असा त्यांचा चेहरा होता.

नोकरीच्या दोन वर्षांत कुठल्याच बैठकीत 'गुड मॉर्निंग'पलीकडे मी काही बोलले नव्हते. तोंडाशी आधी इंग्रजी वाक्य आलं. ते मी गिळलं, कारण हे डोमाभाऊंना कळायला हवं होतं.

"सर, तो नंबर बंद करू नका," मी म्हणाले. "त्यांच्या मुलीचा फोन यायचा आहे. भाऊ नसतील तेव्हा मी उचलेन."