कणास शिस्त लागली

इस्लामपूरच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या क्षमाबाईंनी आठ वर्षं खपून एक कण पाळला होता. पाळला म्हणजे, हवा काढून घेतलेल्या डबीत, लेसरच्या आधारानं, अधांतरी. मोजायला गेलं की तो 'वर' किंवा 'खाली' अशा एकाच स्थितीत सापडायचा; मोजेपर्यंत मात्र दोन्हींच्या मधे, दोन्हीकडचा होऊन असायचा. त्याला कुणी न डिवचता वरून खाली पुरता वळू द्यायचं आणि मगच मोजायचं, एवढाच प्रयोग. मार्चअखेर तो साधला नाही, तर प्रयोगशाळेला कुलूप.

फेब्रुवारीत तपासणी समिती आली. अध्यक्षांनी साठा-नोंदवहीतल्या कणाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि दोन्ही स्थिती हजर करायला सांगितल्या. दाखवायचं म्हणजे मोजायचं, आणि मोजलं की एकच उरते, हे क्षमाबाईंनी अदबीनं समजावलं. तरी मोजणी झाली. 'वर' निघाली. लगेच शेरा पडला: 'खाली' ही स्थिती जागेवर आढळून आली नाही, खुलासा सादर करावा.

खुलासा नऊ पानी झाला. तो समाधानकारक नसल्यामुळे रोजच्या पडताळणीचा आदेश निघाला. कण कधी वर सापडे, कधी खाली. असल्या बेशिस्तीपायी पडताळणी तासावर आली, मग मिनिटावर, आणि शेवटी सेकंदाला हजारदा मोजणारं यंत्रच बसलं.

दारावरचे शिपाई हंबीरराव फौजेतून निवृत्त झालेले. अठरा वर्षं हुकूम ऐकलेल्या त्या माणसालाही राहवेना.

"आवं सायेब, खुडूक कोंबडीखालची अंडी घडीघडी उचलून बघितली, तर पिल्लं कवा निघायची?"

"कोंबडी समितीच्या कार्यकक्षेत येत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"नशीब तिचं," हंबीरराव म्हणाले.

यंत्र सुरू झालं आणि कण थिजला. जरा वळू लागतो न लागतो तोच मोजणी, की पुन्हा आपला 'वर'. सारखं बघत राहिलं की असंच व्हायचं, हे क्षमाबाईंना पुस्तकातून ठाऊक होतं. समितीनं पुस्तक न उघडताच नोंद केली: कणास शिस्त लागली.

"एक तास, सर," क्षमाबाई म्हणाल्या. "फक्त एक तास त्याच्याकडे कुणी बघू नका."

"मॅडम, आम्ही बघत नव्हतो त्या आठ वर्षांत तो कधी एका जागी थांबला होता का?"

यावर त्यांच्याकडं उत्तर होतं, पण वेळ नव्हता. संशोधन चालू आहे काय, हा तक्ता आता दर अर्ध्या तासाला भरायचा होता, आणि तो भरायला पंचवीस मिनिटं लागत.

मार्चअखेर अहवाल गेला. कण: हजर. स्थिती: वर. संशोधन: निरंक. कुलूप लागलं नाही. उलट आदर्श प्रयोगशाळा म्हणून पाटी लागली, भिंत फोडून मोठी काच बसवली. आता वडूज, आष्ट्याहून सहली येतात.

तुम्हीही या. पोरंबाळं आणा, काचेला नाक लावा, फोटो काढा. पूर्वी क्षमाबाई दारातच हात आडवा धरायच्या, आता त्या स्वतः दिवा लावून देतात. बघितल्यानं बिघडावं असं आत काही उरलेलं नाही.