मॅक्रेसाहेबांसाठी त्यांच्या मुलखाचा फराळ

स्कॉटलंडचा फराळ आपल्याला येतो, असं मी चावडीवर चारचौघांत बोलून गेलो आणि तिथंच फसलो. पण खरं सांगतो, त्या वेळी मला स्वतःलाही ते पटलं होतं. पलटणीत चार वर्षं मी साहेबलोकांच्या मेसमध्ये होतो. माझं काम ताटं विसळायचं होतं, हे मी गावात सांगत बसलो नव्हतो. पण साहेबलोक काय खातात, हे ताट विसळणाऱ्याइतकं कुणाला कळतं?

एकोणीसशे शेहेचाळीस साल. फेब्रुवारीत कॅप्टन मॅक्रेसाहेबांचं पत्र आलं. हे साहेब आमच्या घरात देवाच्या जागी. इटलीतल्या डोंगरात माझ्या धाकट्या भावाच्या, जोतीरामच्या, मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला, तेव्हा साहेबांनी त्याला पाठीवर घेऊन दोन मैल खाली आणलं होतं. आता ते कायमचे विलायतेला चालले होते. पत्रात लिहिलं होतं, ‘गुरुवारी दुपारी येतो. चहा घेईन आणि जोतीरामला चालताना बघेन.’

“चांगला फेटा देऊया की,” माझी बायको विजयमाला म्हणाली.

“फेटा बांधून आगबोटीत बसणार हाय व्हय साहेब? सहा वर्षं झाली त्यास्नी घर सोडून. त्यांच्या मुलखाचा फराळ करंडी भरून द्यायचा.”

“दादा, करणार कोण?” जोतीरामनं विचारलं.

“मी.”

जोतीराम नुसता कण्हला, आणि ते मांडीमुळं नव्हतं.

साहेबांच्या तोंडून मी तीन नावं ऐकली होती. शॉर्टब्रेड, टॉफी आणि हॅगिस. तिसरं नाव ऐकून विजयमालानं पदर तोंडाला लावला.

“आवं, काय बोलताय? तेबी चुलीपुढं?”

“अगं, खायची वस्तू हाय ती.”

“आसंल. पर ह्या घरात तिचं नाव घ्यायचं न्हाई.”

मग आम्ही तिला ‘ती तिसरी वस्तू’ म्हणू लागलो.

पहिला शॉर्टब्रेड. शॉर्ट म्हणजे आखूड आणि ब्रेड म्हणजे पाव, एवढं इंग्रजी मला येत होतं. साताऱ्याला जाऊन कोंडीबा भट्टीवाल्याला सांगितलं, “दोन डझन पाव कर, पर आखूड. इंग्रजी पद्धत हाय.”

“किती आखूड?”

मी अंगठा दाखवला. कोंडीबा कामाचा पक्का माणूस. त्यानं अंगठ्याएवढे चोवीस पाव केले, आणि ते इतके खरपूस भाजले की पिशवीत गोट्यांसारखे वाजायला लागले. जोतीरामनं एक हातात घेऊन बघितला.

“दादा, शॉर्टब्रेड म्हंजे पाव न्हवं. लोण्याची बिस्किटं असत्यात ती. मी खाल्लीत.”

“मग आधी का न्हाई सांगितलंस?”

“तू इच्यारलंस कुठं?”

विजयमालानं पुढं काही ऐकून घेतलं नाही. घरचं लोणी, गव्हाचं पीठ आणि, रेशनची साखर आधीच संपली होती म्हणून, किसलेला गूळ, असं मळून तिनं वड्या थापल्या आणि खाली निखारा, वर निखारा ठेवून भाजल्या. वास चार घरं पलीकडं गेला.

टॉफीसाठी मी गुऱ्हाळावरून काकवी आणली आणि लोणी घालून आटवायला ठेवली. झाली का, हे बघायला मोठा घास तोंडात टाकला. माझे वरचे आणि खालचे दात एक झाले. तासभर मला बोलता येईना. जोतीराम म्हणाला, घर कसं शांत वाटतंय. विजयमाला म्हणाली, अजून थोडी करून ठिवा.

राहिली ती तिसरी वस्तू. मेंढीच्या कोथळ्यात काळीज, फुफ्फुस, चरबी आणि ओट भरून शिजवायचं, एवढं मला ठाऊक होतं. ओट म्हणजे एक धान्य. ते इकडं मिळत नाही, म्हणून बाजरीचा भरडा घेतला. मेंढीची अडचण नव्हती. माणदेशातला धुळा धनगर आमच्याच रानात मेंढरं बसवून होता. त्यानं एक मेंढी कापून दिली. त्याची बायको धोंडुबाई म्हणाली, “मी शिजवून देती.” मी म्हणालो, नको, ह्याला इंग्रजी हात लागतो.

बुधवारी मी तो कोथळा गच्च ठासून भरला, दाभणानं शिवला आणि पातेल्यात सोडला. शेजारच्या दोरीवर माझा गणवेश इस्त्री करून टांगला होता. अर्ध्या तासात भरडा फुगला, कोथळा टम्म झाला, आणि मी झाकण उचलायला आणि तो फुटायला एकच गाठ पडली. पलटणीच्या सवयीनं मी जमिनीवर आडवा पडलो, म्हणून वाचलो. गणवेश मात्र उभाच होता.

आवाज ऐकून धोंडुबाई आली. तिनं पातेलं बघितलं, मला बघितलं.

“दादा, दाना फुगतो. त्येला जागा नगं व्हय?”

दुसरा कोथळा तिनंच भरला, अर्धाच. लसूण घातला, मिरची घातली, मसाला घातला. मी म्हणालो, स्कॉटलंडात मिरची नसते. ती म्हणाली, “म्हनून तर मानसं अशी पांढरी पडत्यात.”

गुरुवारी जीप आली. डागांचा गणवेश घालून मी सलाम ठोकला. साहेबांनी डागांकडं पाहिलं आणि अतिशय गंभीरपणे सलाम घेतला. जोतीराम करंडी हातात घेऊन घरातून जीपपर्यंत चालत आला, काठी न घेता. साहेब त्याच्या पायांकडं बघत राहिले. मग त्यांनी तोंड फिरवून बराच वेळ नाक पुसलं.

करंडी उघडली. वड्या खाल्ल्या, टॉफी खाल्ली, आणि ती तिसरी वस्तू कापून दिली तर तीनदा मागून घेतली. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, तरी हात थांबेना. सारा गाव अंगणात जमला होता. माझी छाती गणवेशात मावेना.

मग साहेब माझा हात धरून इंग्रजीत बोलले, “लालासाहेब, सहा वर्षं तुमच्या लोकांत काढली, पण तुमचं खरं सातारी जेवण आज पहिल्यांदा खाल्लं. आमच्याकडंही मेंढीच्या पोटात असलंच काहीसं भरतात, पण त्याला ही चव नाही. मी आईला हे शिकवणार आहे.”

“काय म्हनलं साहेब?” विजयमालानं विचारलं. सगळं अंगण माझ्या तोंडाकडं बघत होतं.

मी घसा साफ केला. “म्हणाले, हुबेहूब आईच्या हातची चव हाय.”

अंगणात टाळ्या पडल्या. फक्त जोतीरामनं टाळी वाजवली नाही. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. तो माझ्याकडं बघून हसला, आणि ते हसू मला आवडलं नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात जोतीरामच्या वाट्याचं म्हशीचं शेण मी काढतो.