मामाजींच्या तोंडात सिमेंट

न्हाणीतली फुटकी फरशी आपणच नीट करायची, असं गिरिधरनं ठरवलं तेव्हा त्यात भिण्यासारखं काहीच नव्हतं. नागपुरात बांधकामाच्या सरकारी कचेरीत तो कारकून. सिमेंटच्या कारखान्यावरचा साहेबांचा अहवाल त्यानं तीनदा नकलून काढला होता. (प्रत्यक्ष सिमेंट कधी हातात धरलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.) बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानातून त्यानं डबाभर करडी भुकटी आणली आणि बायकोला, गोपिकेला, अख्खा अहवाल ऐकवला.

"चुनखडीचा दगड अन् चिकणमाती बारीक दळायची. मग गरगर फिरणाऱ्या लांबच लांब लोखंडी भट्टीत भाजायची. तांबंही वितळंन अशी आग! त्याचे काळे खडे होतात. त्याच्यात जिप्सम नावाचा दगड थोडा घालून पुन्हा दळायचं, म्हणजे ते लगेच घट्ट होत नाही. पण एकदा पाणी लागलं, की झाला दगड! देवाच्या बापालेही मग फुटत नाही."

"मंग लेकरापासून दूर ठेवा म्हणजे झालं," गोपिका म्हणाली. डबा न्हाणीच्या कोनाड्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खाप्याहून सासरे आले. नातू होईस्तोवर लेकीच्या घरचं पाणी पिणार नाही, असा बाबारावांचा नेम. नातवाला तीन महिने झाले, म्हणून ते पहिल्यांदाच आले होते. गिरिधर परसात गेला, तर ते उकिडवे बसून बोटानं दात घासत होते आणि पुढ्यात तोच डबा उघडा!

गिरिधर धावतच पुढे झाला.

"मामाजी, गिळलं तर नाही ना?"

"गेलं असंन थोडंसं. काहून?" म्हणत त्यांनी पाण्याचा गडू तोंडाला लावला. गिरिधरनं झडप घालून तो हिसकावला.

"पाणी नका पिऊ! पाणी प्याले की संपलं!"

"विहीर आटली का?"

"विहीर नाही, तुम्ही संपान!"

बाबाराव ताडकन उठले. "गोपिके, नातू झाला म्हणून तुह्या घरचं पाणी पिऊन राहिलो, तर जावईबापू जिवावर उठले!"

"अवो, का करून राहिले तुम्ही?" गोपिका धावत आली.

"ते सिमेंट आहे!" गिरिधर ओरडला.

बाबाराव मटकन खाली बसले. कन्हान नदीच्या पुरात उडी घालणारा माणूस, पण चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. दात एकमेकांना चिकटतील म्हणून त्यांनी तोंड वासलं ते वासलंच. गोपिकेनं रडणं सुरू केलं. गिरिधर आठवू लागला, जिप्सम घातल्यावर किती वेळ मिळतो? अर्धा तास? एक? (नेमकं ते पान तिन्ही वेळा दुसऱ्या कारकुनानं नकललं होतं.) खाप्याला काय सांगायचं? आणि घाटावर तरी काय करायचं? एवढ्या भट्टीतून जे निघालं, ते चार मण लाकडांनी काय जळणार!

"डॉक्टरले आणतो," म्हणून तो अनवाणीच दाराकडे धावला, तेवढ्यात गोपिकेच्या हाकेनं शेजारचा कवडू गवंडी आत आला. वीस वर्षं सिमेंट कालवलेला माणूस. त्यानं डब्यातली चिमूट घेतली, बोटांत चोळली, जिभेवर ठेवली.

"बाबूजी, हे सिमेंट कोनं देलं तुम्हाले? चाळलेली गोवरीची राख व्हय ही."

बाबारावांनी सावकाश तोंड मिटलं, पुन्हा उघडून पाहिलं, आणि मग ते तीन गडू पाणी घटाघटा प्यायले.

गिरिधरचे कान तापले. "पण मामाजी, तुम्हाले चवीवरूनही समजलं नाही?"

"समजलं ना! पहिल्याच बोटाले समजलं, राख आहे म्हणून," तोंड पुसत बाबाराव म्हणाले. "पण तुम्ही पडले सरकारी माणूस. तुम्ही सिमेंट म्हणलं, तर आम्ही राख म्हणणारे कोण?"