पेटीतले अहो

बायकोचा राहिलेला राक्षस आपण आजचा रविवार मावळायच्या आत मारून टाकणार, असं चष्मेवाल्यानं साडूला छातीठोकपणे सांगितलं. साडू तेव्हा तपासणीच्या खुर्चीत होता, हनुवटी टेकवून, एक डोळा झाकून. त्याला समोरच्या पाटीवरची तिसरी ओळ दिसत नव्हती. राक्षस तर लांबच राहिला.

"कुठला राक्षस?" त्यानं विचारलं.

"गेममधला. मागच्या खोलीत टीव्हीला लावायचा डबा आहे ना, त्यात तिचा गेम अर्धवट राहिलाय. जावई म्हणाला, त्या कॅसेटमध्ये इवलीशी बॅटरी असते, तिच्या जिवावर सगळं लक्षात राहतं. ती बॅटरी आता म्हातारी झालीय, कधीही मान टाकेल. म्हटलं, त्याआधी उरकून टाकू."

"पण तुम्हाला येतं का ते?"

"त्यात काय यायचंय? जन्मभर लोकांना दिसत नाही ते दिसायला लावलं. मला एक राक्षस सापडणार नाही होय?"

साडूनं आपला चष्मा काढून काउंटरवर ठेवला. त्याच्या काचा बदलायच्या होत्या. तोवर दाढी करून येतो म्हणून तो भिंत चाचपत चाचपत शेजारच्या सलूनमध्ये गेला. चष्मेवाल्यानं काचा घासायच्या सोडून दुकानाचं दार नुसतं लोटून घेतलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसला.

तो डबा घरात आला तेव्हा लेक लहान होती. तिला महिनाभरात त्याचा कंटाळा आला. तिच्या आईला कधीच आला नाही. दुपारी दुकान बंद असताना चष्मेवाला ताणून द्यायचा आणि ती टीव्हीचा आवाज बारीक करून तलवारीनं बेडूक मारत बसायची. बेडूक मारले की अंगात बळ यायचं, बळ आलं की आणखी मोठे बेडूक मारता यायचे. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. चष्मेवाल्यानं झोपेतून उठून चहा मागितला तर ती म्हणायची, "थांबा जरा, गुहेत आहे." तो थांबायचा. गुहेतल्या माणसाकडे चहा मागून उपयोग काय?

ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं. डब्यावर घातलेलं फडकं त्यानं आज पहिल्यांदा काढलं.

वायरी कुठं खुपसायच्या ते लेकीनं सकाळीच फोनवर सांगितलं होतं आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. "बाबा, बंद करताना आधी रिसेटचं बटण दाबून धरायचं आणि मगच पॉवर बंद करायची. तसंच खटकन बंद केलंत तर आईचं सगळं पुसलं जाईल. एकच खण आहे त्यात, दुसरीकडे कुठं ठेवलेलं नाही."

"मी काय खुळा आहे?" तो म्हणाला होता.

टीव्हीवर एक गाव उमटलं. चौकोनी झाडं, चौकोनी विहीर, चौकोनी देऊळ. मधोमध तीन बुटक्या बाया रांगेत उभ्या होत्या. पहिलीच्या हातात तलवार, दुसरीच्या हातात जळती काठी, तिसरीच्या हातात औषधाची बाटली. त्यांच्या मागं एक लांबट पेटी. कोपऱ्यात चौघांची नावं होती. चष्मेवाल्याचं इंग्रजी म्हणजे भिंतीवरच्या पाटीवरचं इंग्रजी. अक्षरं सगळी ओळखीची, पण ती जुळून काही बोलू लागतात असा अनुभव नव्हता. सवयीनं त्यानं एक डोळा झाकला आणि वाचायला घेतलं. एम, आय. मी. टी, ए, आय. ताई. एल, ई, के. लेक. चौथं नाव लाल होतं. ए, एच, ओ. त्यानं दुसरा डोळा झाकून पाहिला. तरी ए, एच, ओच. मग उजेड पडला.

नाव चार अक्षरांत बसवायचं असा त्या गेमचा नियम होता. पण तिला चाळीस अक्षरं दिली असती तरी तिनं हेच घातलं असतं. लग्नापासून तिनं त्याला दुसऱ्या कशानं हाक मारली नव्हती. भर बाजारात ती 'अहो' म्हणायची तेव्हा पाच-सहा नवरे वळून बघायचे, त्यांतला आपला ती बरोबर वेचून घ्यायची.

बाकी तिघींपुढं मोठाले आकडे होते. अहोपुढं शून्य. त्यानं तलवारवालीला दोन पावलं चालवलं. मागोमाग ताई चालली, मागोमाग लेक चालली, आणि त्यांच्या मागं ती पेटी सरपटत आली. डावीकडं वळवलं, पेटीही डावीकडं वळली.

ती शवपेटी होती, आणि आत तो होता.

बायको गेल्यावर माणसाचं काय काय होतं ते एव्हाना त्याला पाठ झालं होतं. पण आपण आधी गेलोय आणि ती आपल्याला मागं बांधून गावोगाव हिंडतेय, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्याला जरा रागच आला. निदान कानावर तरी घालायचं.

तेवढ्यात फोन वाजला. मेव्हणीचा होता. बायकोची थोरली बहीण म्हणजे साडूची बायको. तिला सगळे ताईच म्हणत.

"भावजी, अहो पोचले का हो तिकडे?"

ताईला गेमचं माहीत आहे तर, असं चष्मेवाल्याला वाटलं. बहिणी बहिणी सगळं बोलतातच. तो म्हणाला, "ताई, अहो गेले."

"गेले? कुठं गेले?"

"मेले, ताई. मी आत्ताच बघितलं. पेटीत आहेत."

पलीकडून आवाज आला, अगदी बारीक, "कसल्या पेटीत?"

"शवपेटीत. हिनंच घातलंय. मघापासून मागं मागं ओढत फिरवतेय, वळणावरसुद्धा सोडत नाही."

"कोण हिनं?"

"हिनं म्हणजे तुमच्या बहिणीनं. पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका. इथं देवळात पुजारी आहे, तो उठवतो म्हणे. नाहीच उठले तर बंद करून परत चालू करू."

फोन पडल्याचा आवाज आला. रेंज गेली असेल, असं म्हणून चष्मेवाल्यानं पेटी देवळाकडं वळवली.

ताईचं घर दोन गल्ल्या सोडून. ती पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून निघाली आणि वाटेत जो भेटेल त्याला सांगत आली. नवरा चष्म्याच्या दुकानात गेला तो गेलाच. भावजींच्या डोक्यावर परिणाम झालाय. "आणि माझी बहीण त्यांना घेऊन गेली हो. तिला स्वतःचा नवरा सोडून माझाच कसा दिसला?" लोक नुसतेच बरोबर चालू लागले. दुकानाशी पोचेपर्यंत दहा-बारा जण झाले होते. समोरचा लॉन्ड्रीवाला सांगायची वाट न बघता कोणाची तरी धुतलेली पांढरी चादर घेऊन आला.

दुकानात कोणी नव्हतं. काउंटरवर फक्त साडूचा चष्मा होता, काड्या मिटलेला. तो बघून ताई मटकन बाकावर बसली आणि रुमालात तोंड घालून रडायला लागली.

सलूनमध्ये साडूची अर्धी दाढी झाली होती. रडण्याचा आवाज ऐकून तो गळ्यातल्या फडक्यासकट बाहेर आला. चष्म्याशिवाय त्याला फक्त ठिपके दिसत होते, पण ठिपके बरेच होते आणि सगळे चष्मेवाल्याच्या दुकानात होते. तो काय ते समजला. रविवारी राक्षस मारतो म्हणाला आणि बसल्या जागी गेला बिचारा. साबण लावलेल्या तोंडानंच तो बाकावर एका रडणाऱ्या ठिपक्याशेजारी बसला.

"फार भला माणूस होता," तो हुंदका देत म्हणाला.

"सकाळी चांगले चालत गेले हो," ताई रुमालातून म्हणाली. "चष्माही घालता आला नाही शेवटी."

"माझ्याशी तर आत्ताच बोलत होते. डोळा झाक म्हणाले, मी झाकला."

"तुमचे कोण?"

"नात्यातलेच. बायकोकडून."

दोघांनी थोडं बरोबरच रडून घेतलं. साडू रडता रडता तिच्याकडं कलंडत होता. ताईनं तोंड वर न करताच कोपर मारलं. "अहो, सरका की तिकडे."

"सरकलो," साडू म्हणाला, आणि सरकला.

'सरकलो' हा तिनं पस्तीस वर्षं ऐकलेला शब्द. ताईनं रुमाल बाजूला केला. समोर अर्धं तोंड पांढरं, अर्धं गुळगुळीत, आणि गळ्यात फडकं. नेमक्या त्याच वेळी मागच्या खोलीचं दार उघडून चष्मेवाला बाहेर आला, चेहरा उजळलेला.

"ताई, आलात का? अहो उठले. चालायलासुद्धा लागले."

लॉन्ड्रीवाल्याच्या हातातली चादर खाली पडली. एकानं साडूला हात जोडले. साडूनंही जोडले, कोणाला ते त्याला दिसलं नाही.

मग ताईचा आवाज चढला. त्या आवाजात पहिल्यांदा साडूला बोलणी मिळाली, इथं बसून माझ्याबरोबर कोणासाठी रडत होतात म्हणून. मग चष्मेवाल्याला मिळाली. चष्मेवाला "अहो म्हणजे हे अहो नाहीत, मी, पण मी म्हणजे मी नाही, मी ही आहे" असं समजावत राहिला, त्यानं प्रकरण आणखी बिघडलं. "दाखवा मला, कुठली पेटी नि कुठला पुजारी," म्हणून ताई तरातरा मागच्या खोलीत शिरली. तिच्या त्या दोन वेगवेगळ्या चपलांपैकी एकीत वायर अडकली.

खट्. टीव्ही काळा झाला.

चष्मेवाला दारातच उभा राहिला. तो खाली बसला, प्लग हातात घेतला आणि नुसताच बघत राहिला.

"भावजी, काय झालं?" ताईनं हळूच विचारलं.

"ती होती त्यात," तो म्हणाला. "तुम्हीही होतात. तिनं जिथं ठेवलं होतं, तिथंच होतो सगळे."

ताई त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. तिनंच त्याच्या हातातून प्लग घेतला आणि लावला. चष्मेवाल्यानं बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. दोन्ही.

"तीन बाया दिसतायत," ताई म्हणाली. "आणि मागं कपाट आहे एक आडवं."

त्यानं डोळे उघडले. विहीर होती, देऊळ होतं. मी होती, ताई, लेक होत्या. आणि पेटी. म्हातारी बॅटरी टिकून होती. आज त्यानं जे केलं तेवढंच गेलं होतं, तिचं तसंच्या तसं होतं. त्याला इतकं बरं वाटलं की आपण परत मेलो आहोत हे त्याच्या जरा उशिरानं लक्षात आलं.

"ती जळती काठी घेतलेली मी का?" ताईनं विचारलं.

"हो. तुम्ही आग फेकता."

"मी?"

"कसं काय सुचलं तिला, कोण जाणे," साडू दारातून म्हणाला. चष्मा नसल्यामुळं ताईचा चेहरा त्याला दिसला नाही, ते बरंच झालं.

लेकीचा फोन आला तो धापा टाकतच. "बाबा, मावशीनं कळवलंय की काका गेले आणि तुम्ही भ्रमिष्ट झालात."

"काकांची अर्धी दाढी राहिलीय, बाकी ठीक आहेत. मला आधी सांग, मी कधीपासून मेलोय?"

लेकीला हसू आवरेना. "पहिल्या दिवसापासून. पहिल्याच बेडकानं मारलं तुम्हाला. आई देवळात नेऊन उठवायची, गावाबाहेर पडलात की परत मरायचात. शेवटी म्हणाली, असू देत पेटीत."

"बेडकानं?"

"हो. मी तिला सांगितलं, खानावळीत दुसरा पैलवान मिळतो, यांना काढ आणि त्याला घे, राक्षस लगेच मरेल. नाही म्हणाली. मग चौघांचं काम तिघींकडून करून घेत बसली. म्हणून तर एवढी वर्षं लागली."

ताईनं नाक ओढलं.

"आता असं करा बाबा," लेक म्हणाली, "उठवलंत की राजाशी बोला. म्हणजे तुम्ही उठलात हे त्यात कायमचं साठेल, डबा परत चालू केला की मेलेले नसाल. पुढं खेळता येईल, राक्षसापर्यंत जाल. फक्त आईनं ठेवलंय त्याच्यावर ते बसेल. तिचं तेवढं पुसेल."

चष्मेवाल्यानं टीव्हीकडं पाहिलं. राजाचा वाडा विहिरीपासून चार पावलांवर होता.

"मग राहू दे," तो म्हणाला.

"पण बाबा, बॅटरी कधीतरी जाणारच आहे."

"जाईल तेव्हा जाईल. मी नाही पुसणार."

त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी चष्मेवाला मागच्या खोलीत बसतो. पेटी देवळात नेतो, उठतो, रांगेत पुढं सरकून बायकोच्या मागं उभा राहतो आणि दोघांना विहिरीभोवती फिरवून आणतो. मागून मेव्हणी आणि लेक येतात, त्याला इलाज नाही. वेशीबाहेर पाऊल टाकत नाही, बेडकांचा भरवसा नाही. राजाच्या वाड्यावरून जाताना तर तो मानही वळवत नाही. मग रिसेट दाबून धरून बंद करतो आणि पुन्हा पेटीत जातो.

ताई न चुकता फोन करते. दुकानाच्या काउंटरवर रेलून गप्पा मारायला आलेल्या लॉन्ड्रीवाल्याला एकाच बाजूचं ऐकू येतं.

"उठलो ना, ताई. चारला उठलो. हो, फिरून आलो थोडं. आता काय, आता परत आडवा."

लॉन्ड्रीवाला गल्लीत सगळ्यांना सांगतो, बायको गेल्यापासून माणूस पार ऐदी झाला. दुपारी चारला उठतो, पाच मिनिटांत परत झोपतो, आणि वर मेव्हणीला फोनवर त्याचा हिशेब देतो.