कोणी मागू नये अशी खुर्ची

वासितीने परीक्षेसाठी केलेली खुर्ची घरी आली, त्याच संध्याकाळी अपेनिसामामा तिच्यात येऊन बसले.

"केरेकेरे, पोरी," मामा हात टेकत म्हणाले. "माझ्या कंबरेला अगदी मानवली बघ."

आपल्या माणसाने 'केरेकेरे' म्हणून काही मागितल्यावर नाही म्हणणारा त्या गावात अजून जन्मायचा होता. खुर्ची गेली.

वासिती शहरातल्या शाळेत फर्निचरचं डिझाइन शिकत होती. तिथे नुसत्या चित्रावर भागत नसे. वस्तू हाताने करायची, लोकांना वापरायला द्यायची, मग सुभागवती मॅडम घरी येऊन ती पाहणार. त्या पास म्हणाल्या, तरच सावुसावू शहरातल्या हॉटेलातली सुतारखात्याची नोकरी.

तिने मॅडमना फोन लावून खुर्ची मामांनी नेल्याचं सांगितलं.

"मग मामांकडे जाऊन बघते की."

"मामांकडून त्यांच्या साडूंनी मागून नेली, मॅडम. आता ती बोटीतून पलीकडच्या बेटावर निघालीय."

"दुसरी कर! आणि या वेळी जरा माणसांचा विचार करून कर!"

वासितीने माणसांचाच विचार केला. बैठक पुढे उतरती ठेवली आणि लाकूड घासून घासून गुळगुळीत केलं. अंग जरा सैल सोडलं की माणूस अलगद खालच्या चटईवर.

मामा दोनदा घसरले. "ही तुलाच राहू दे," ते उदारपणे म्हणाले.

"बाई गं!" मामी म्हणाली. "यांनी काहीतरी परत दिलं!"

मॅडम आल्या, बसल्या आणि पर्ससकट चटईवर गेल्या.

"वासिती, ही कोणाला हवी असेल? असा एक माणूस दाखव, नाहीतर नापास."

तेवढ्यात गावचे पाद्रीबाबा चहाला आले आणि कोणी सांगायच्या आत खुर्चीत बसले. चालून दमलेले, डोळा लागला, तसे सर्रकन खाली आले. उठले, पुन्हा बसले, मुद्दाम डोळे मिटले. पुन्हा खाली. त्यांचा चेहरा उजळला.

"चर्चमध्ये प्रवचनात पोरं पेंगली, तर राखणीचा काठीवाला त्यांना टोचतो. पण पहिल्या रांगेतल्या वडीलधाऱ्यांना कोण टोचणार? ते तर घोरतात! केरेकेरे, पोरी. पहिली अख्खी रांग करून दे."

पहिल्या रांगेत मामांची जागा ठरलेली होती. "वासिती," ते कासावीस होऊन म्हणाले, "नाही म्हण!"

"केरेकेरेला, मामा?" वासितीने साळसूदपणे विचारलं.

मॅडमनी तिथल्या तिथे 'पास' लिहून सही केली. दारात गावातली वडीलधारी मंडळी जमली होती. एकही चेहरा हसरा नव्हता. मॅडमनी वासितीला जवळ ओढलं.

"रांग पुरी झाली की शनिवारीच सावुसावू गाठ," त्या कुजबुजल्या. "रविवारी इथे थांबू नकोस."